व्हेगासला आई-बाबांना घेऊन: एक मोठा स्वीट की दोन खोल्या?

निंबोणी

नमस्कार मंडळी,

सासू-सासरे साताऱ्याहून आमच्याकडे फिनिक्सला आलेत. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सगळ्यांनी मिळून लास व्हेगासला जायचं घाटतंय. आम्ही दोघं, नऊ वर्षांची लेक आणि आई-बाबा. मुक्काम दोन-तीन रात्रींचा, गाडीनेच जाणार.

बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत, त्यांचा सगळा जीव हूवर धरणात अडकलाय. कसिनो म्हणजे "एकदा बघून घेऊ, पैसे घालवायचे नाहीत" एवढंच. आईंचे दोन्ही गुडघे बदललेत. सपाटीला छान चालतात, पायऱ्या आल्या की बिचकतात. बाहेरचं खाणं त्यांना एका दिवसाच्या वर सोसत नाही, आणि सिगारेटचा वास आला की डोकं धरून बसतात.

नवरा म्हणतो एकच मोठा स्वीट घेऊ, सगळे एकत्र राहू. मी म्हणते शेजारशेजारच्या दोन खोल्या घेऊ. नेटवर बघावं तर निम्मी हॉटेलं स्वतःला स्वीट हॉटेल म्हणवतात आणि फोटोत सगळेच राजवाडे. व्हेनेशियन, व्हीडारा, सिग्नेचर, एलारा, रिओ एवढी नावं काढून ठेवलीत. वयस्कर माणसांना घेऊन गेलेल्यांनी सांगा. नुसतं 'मस्त आहे, बिनधास्त जा' नको.

खारीबिस्कीट

निंबोणी, फोटोतला सोफा आणि खिडकी बाजूला ठेवा. आधी एकच विचारा: आत दार आहे का?

व्हेगासमध्ये स्वीट म्हटलं की दोन खोल्या, असं गृहीत धरू नका. व्हेनेशियनचा साधा स्वीट साडेसहाशे चौरस फुटांच्या आसपास, म्हणजे पुण्यातल्या वन बीएचकेएवढा, पण सगळा सलग. एका बाजूला पलंग, दुसऱ्या बाजूला बैठक, मधे कठडा. रिओ १९९० मध्ये 'सगळे स्वीटच' अशी जाहिरात करत उघडलं, तिथलाही साधा स्वीट म्हणजे एक ऐसपैस खोली. अशा सलग जागेत पाच माणसं झोपली की सासरे घोरणार, लेकीला टीव्ही हवा असणार आणि तुम्ही दोघं न्हाणीघरात उभं राहून कुजबुजणार. हौसेने आलेल्या जोडप्याला ती जागा झकास आहे, तुम्हाला नाही.

शोधताना 'वन बेडरूम' किंवा 'टू बेडरूम' हेच शब्द बघा. 'स्टुडिओ', 'ज्युनियर', 'पार्लर' असं काही लिहिलेलं असेल तर दार नाही असं धरून चाला आणि फोन करून खात्री करा.

आईंच्या गुडघ्यांसाठी आणखी एक. व्हेनेशियन आणि त्याचं जुळं भावंड पलाझो, दोन्हीकडच्या बहुतेक स्वीट्समध्ये बैठक दोन-तीन पायऱ्या खाली असते. फोटोत देखणं दिसतं. पण रात्री अंधारात पाणी प्यायला उठलेल्या माणसाने काय करायचं? तिथेच राहायचं असेल तर पायऱ्या नसलेला स्वीट मिळेल का, ते पैसे भरायच्या आधी विचारून घ्या.

निंबोणी

बाप रे, पायऱ्यांचं तर डोक्यातही आलं नव्हतं. व्हेनेशियन कटाप. नवरा हिरमुसलाय, त्याला गोंडोला हव्या होत्या.

खारीबिस्कीट

त्यासाठी तिथे राहावं कशाला लागतंय? आतला कालवा, रंगवलेलं आभाळ सगळं कुणीही फुकट बघून येतं. पैसे पडतात ते नावेत बसायचे.

वाळवंटातला कोकणी

मी व्हेगासशेजारच्या हेंडरसनला राहतो. पाहुणे आले की स्ट्रिपवरची (म्हणजे मोठी हॉटेलं-कसिनो असलेल्या मुख्य रस्त्यावरची) हमाली माझ्याकडे, त्या अधिकाराने लिहितो.

सिगारेटचा वास हाच मुद्दा पहिला धरा. नेवाडात उपाहारगृहांत, दुकानांत धूम्रपानाला बंदी आहे, जुगाराच्या मजल्यावर मात्र चालतं. (संपूर्ण कसिनोच धूरमुक्त असं स्ट्रिपवर एक आहे, पार्क एमजीएम, २०२० पासून.) आणि मोठ्या हॉटेलांची मांडणीच अशी केलेली असते, की खोलीच्या लिफ्टपर्यंत पोहोचायला मशिनांच्या रांगा ओलांडाव्यात. बाहेर जाताना तेच, येताना तेच, विसरलेला स्वेटर आणायला गेलात तरी तेच. लेकीला तिथून चालत जाता येईल, पण रेंगाळता येणार नाही. २१ वर्षांखालचं कुणी मशिनपाशी थबकलं की सुरक्षारक्षक येऊन हटकतो.

तुमच्या यादीतली व्हीडारा, सिग्नेचर आणि एलारा ही तीन म्हणूनच वेगळी काढा. तिघांच्याही इमारतीत कसिनो नाही. व्हीडारा २००९ मधलं, बेलाजिओच्या अगदी शेजारी, चालत जायची वाट आहे. सिग्नेचर म्हणजे एमजीएम ग्रँडच्या मागचे तीन मनोरे. ग्रँडमध्ये जायला बंदिस्त मार्ग आहे, पण तो आईंच्या चालीने चांगलाच लांब पडेल. एलारा मिरॅकल माइल नावाच्या बाजाराला जोडलेलं, खाली उतरलं की दुकानं.

नकाशावर अंतरं बघून फसू नका. स्ट्रिप सव्वाचार मैलांची आहे आणि एकेक हॉटेल एवढं अजस्र, की समोर दिसणाऱ्या दरवाजापर्यंत जायला वीस मिनिटं लागतात. रस्ता ओलांडायला पादचारी पूल आहेत. त्यांचे सरकते जिने बंद असले तर नवल करू नका, प्रत्येक ठिकाणी लिफ्ट असते, ती शोधा. पुलावर उभं राहून फोटो काढायचा मोह टाळा, जानेवारी २०२४ पासून काउंटीने पुलांवर थांबायलाच बंदी केलीय. मोनोरेल पूर्वेकडच्या हॉटेलांच्या पाठीमागून जाते. स्टेशन गाठेपर्यंतच निम्मा जीव जातो, त्यापेक्षा टॅक्सी बरी. हॉटेलात विजेवरची स्कूटर भाड्याने मिळते. आईंना पहिल्या दिवशी लाज वाटेल, दुसऱ्या दिवशी त्याच मागतील.

चोखंदळ

किंचित दुरुस्ती. स्ट्रिपचा बहुतेक भाग लास व्हेगास शहरात मोडतच नाही, तो क्लार्क काउंटीतल्या पॅराडाइज नावाच्या वस्तीत येतो. शहराची हद्द उत्तरेला, सहारा अव्हेन्यूच्या पलीकडे सुरू होते.

टवाळखोर

@चोखंदळ, सासूबाई लिफ्ट शोधतायत आणि तुम्ही हद्द मोजताय.

हिशेबनीस

आकड्यांत सांगतो, मग दोन खोल्या की एक स्वीट हे आपोआप ठरेल.

समजा दर दिसतोय रात्रीचा १५० डॉलर. त्यावर रिसॉर्ट फी, म्हणजे खोलीच्या दराशिवाय हॉटेल सक्तीने लावतं ती रक्कम, हल्ली मोठ्या हॉटेलांत पन्नासच्या आसपास. झाले २००. त्यावर खोलीचा कर सुमारे १३ टक्के, आणि तो फीवरही बसतो. झाले २२६. गाडी नेणार असाल तर पार्किंग निराळं. एमजीएमच्या हॉटेलांनी २०१६ मध्ये पार्किंगचे पैसे घ्यायला सुरुवात केली आणि मग बाकीच्यांनाही तो मार्ग दिसला.

फी खोलीमागे असते, माणसामागे नाही. दोन खोल्या घेतल्या की फी दोनदा. टू बेडरूम स्वीटला एकदाच. निंबोणीताई, तुमच्या बेताचं खरं दुखणं इथे आहे. शिवाय मधे दार असलेल्या जोडखोल्यांची हॉटेलं बहुधा 'विनंती' नोंदवून घेतात, शब्द देत नाहीत. ऐन वेळी एक खोली अकराव्या मजल्यावर आणि दुसरी सतराव्या, मग आई-बाबांना कार्ड लावून लिफ्ट चालवायला शिकवत बसा.

मात्र काही हॉटेलं दोनपेक्षा जास्त मोठी माणसं असली की प्रत्येकामागे जादा आकारतात. तुम्ही चार जण आहात. बुकिंग करताना चार मोठे, एक लहान असंच भरा. आकडा कमी दिसावा म्हणून दोन माणसं भरण्यात काही हशील नाही.

१२ मे २०२५ पासून फेडरल ट्रेड कमिशनचा नियम आलाय, सक्तीची फी धरूनच दर जाहिरातीत दाखवावा लागतो. आधी ४९ डॉलरची खोली शेवटच्या पानावर दुप्पट व्हायची, ते आता कमी झालं. पण कर त्या दरात धरायचं बंधन नाही आणि पार्किंग तर ऐच्छिकच मानतात. तेव्हा शेवटचं पान बघूनच कार्ड काढा.

वाळवंटातला कोकणी

हिशेबनिसांना एक पुरवणी. डिसेंबरचा दुसरा आठवडा म्हणालात ना? तारखा तपासा. डिसेंबरच्या सुरुवातीला इथे दहा दिवस नॅशनल फायनल्स रोडिओ, म्हणजे काउबॉयांच्या स्पर्धा असतात, १९८५ पासून. सगळं गाव काउबॉय टोप्यांनी भरतं आणि दर चढतात. तो उरकला की नाताळच्या आधीचे दिवस वर्षातले स्वस्त दिवस असतात. रविवारी येऊन बुधवार-गुरुवारी परत जा, शनिवारची रात्र टाळा. तोच स्वीट निम्म्यात मिळाला तरी आश्चर्य नाही.

निंबोणी

हे सोन्यासारखं सांगितलंत. लेकीची शाळा बुडेल, पण ती तर नाचतेच आहे. बेत आठवडाभर पुढे ढकलतोय.

सात्त्विक संताप

क्षमा करा, पण वडीलधाऱ्यांना आणि नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन जुगाराच्या गावी जायची हौस कशासाठी? अमेरिकेत दुसरं काही नाही का? महाभारत जुगारावरूनच घडलं.

टवाळखोर

काका, महाभारत घडलं तेव्हा रिसॉर्ट फी नव्हती. ती असती तर युधिष्ठिर दारातूनच परतला असता.

आणि आपल्याकडचं सांगू? महाराष्ट्रात १९७६ चा कसिनोंचा कायदा होता. कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द केला. त्यामुळे मंडळी शुक्रवारी रात्री गाडी काढून पणजीला मांडवीतल्या बोटींवर जातात, सोमवारी कचेरीत 'देवदर्शन' सांगतात. व्हेगासला निदान धरण तरी आहे.

अवांतर: स्वीटचाच विषय निघालाय म्हणून. नोव्हेंबर १९६६ मध्ये हॉवर्ड ह्यूज नावाचा अब्जाधीश रेल्वेने व्हेगासला आला आणि डेझर्ट इन हॉटेलचे वरचे दोन मजले घेऊन बसला. स्वतः जुगार खेळेना, खोलीबाहेर पडेना. नवीन वर्षाला बड्या जुगाऱ्यांसाठी खोल्या हव्यात म्हणून मालक मागे लागले, तर १९६७ मध्ये त्याने हॉटेलचा कारभारच विकत घेतला, सुमारे १.३ कोटी डॉलरला. चेक-आउटची वेळ वाढवून घ्यायची ही एक पद्धत. पुढे त्या जागेवर २००५ मध्ये विन नावाचं हॉटेल उभं राहिलं.

निंबोणी

@सात्त्विक संताप, बाबांनी स्वतःच "बघायचंय" म्हटलंय हो. आणि आईंना बेलाजिओची कारंजी. त्यांनी यूट्यूबवर पाहून ठेवलीत.

चिंचगुळ

कारंजी फुकट आहेत आणि अपेक्षेपेक्षा सुंदर आहेत. दुपारी अर्ध्या तासाने, रात्री पंधरा मिनिटांनी. आत काचेच्या छपराखाली फुलांची आरास असते, ती वर्षातून पाच वेळा बदलतात. तुम्ही जाल तेव्हा नाताळची असेल. आमच्या आई तिथे इतक्या रमल्या, की बाकी काही दाखवलं नसतं तरी चाललं असतं. लेकीसाठी फ्लेमिंगो हॉटेलच्या बागेतले खरेखुरे रोहित पक्षी, तेही फुकट.

आता स्वयंपाक. किचनेट म्हणजे काय ते नीट विचारा. कुठे दोन शेगड्यांची काचेची विजेची चूल, मायक्रोवेव्ह आणि फ्रिज असतो, कुठे नुसता मायक्रोवेव्ह. एकाच हॉटेलात खोलीच्या प्रकारानुसार बदलतं. व्हीडारा आणि सिग्नेचरला किचनेट असतं, एलाराच्या बेडरूमवाल्या स्वीट्सनाही. भांडी ठेवलेली असतीलच असं नाही, फोन करून मागवावी लागतात. सुरी, विळी, झारा या अपेक्षा ठेवू नका. आम्ही आपला छोटा कुकर, एक कढई, मेतकूट, भाजणी, लोणचं आणि दशम्या घेऊन जातो. दूध-दही-भाजी वाटेवर घ्या, स्ट्रिपवरच टार्गेट आहे.

फ्रिजचं एक सांगते. कसिनोवाल्या हॉटेलांत खोलीतला फ्रिज बऱ्याचदा विक्रीच्या बाटल्यांनी भरलेला असतो आणि खाली संवेदक असतात. दह्याचा डबा ठेवायला म्हणून बाटली उचलली, की काही सेकंदांत बिलात चढते. किचनेटवाल्या स्वीटचा फ्रिज रिकामा आणि तुमचा, हा मोठाच फायदा.

आणि फोडणी जपून! एका हॉटेलात (नाव नको) सासूबाईंनी वरणाला फोडणी घातली, मोहरी तडतडली, मिरच्या पडल्या आणि छतातली घंटा अशी कोकलली की शेजारचे कॉरिडॉरमध्ये आले. दोन मिनिटांत सुरक्षारक्षक दारात. त्याने कढईत डोकावून पाहिलं, "स्मेल्स गुड" म्हणाला आणि गेला. तेव्हापासून आमची फोडणी घरूनच बाटलीत भरून येते.

वाळवंटातला कोकणी

घंटा एवढ्या तिखट का आहेत, त्याला कारण आहे. २१ नोव्हेंबर १९८० ला एमजीएम ग्रँडला आग लागली. सुरुवात तळमजल्यावरच्या उपाहारगृहात, विजेच्या बिघाडाने. ८५ माणसं गेली, आणि त्यांतली बहुतेक आगीने नाही, वरच्या मजल्यांवर धुराने गुदमरून. त्यानंतर नेवाडाने उंच हॉटेलांना स्प्रिंकलर आणि धूरसूचक यंत्रणा सक्तीच्या केल्या, जुन्या इमारतींनाही. ती इमारत आज हॉर्सशू नावाने उभी आहे. आताचं एमजीएम ग्रँड वेगळं, १९९३ मधलं.

म्हणून रक्षक आला तर वाद घालू नका, खिडकी उघडायला जाऊ नका (उघडत नाहीत), दार उघडून धूर कॉरिडॉरमध्ये सोडू नका. चुलीवरचा पंखा आधी सुरू, फोडणी नंतर.

कासवछाप

कुणी टाइमशेअरबद्दल (वर्षातले ठरावीक दिवस राहायचा हक्क विकत घ्यायचा, त्याबद्दल) बोललं नाही अजून? तुम्ही एलाराचं नाव घेतलंय म्हणून लिहितो. ते हिल्टन ग्रँड व्हेकेशन्सचं, म्हणजे मूळचं टाइमशेअर. तसं मॅरियटचं ग्रँड शाटो आहे, विंडहॅमचीही आहेत. राहायला ही हॉटेलं उत्तम, कारण ती कुटुंबं डोळ्यांपुढे ठेवूनच बांधलेली असतात: खरी बेडरूम, खरं दार, खरा ओटा. जुगारी हॉटेलला तुम्ही खोलीत बसलेले परवडत नाही. इथे उलट आहे, खोलीच विकायची असते.

विकायची असते, इथेच ग्यानबाची मेख. चेक-इन झालं की शेजारच्या टेबलावरचा हसतमुख माणूस पार्किंगचा पास द्यायला म्हणून बोलावतो आणि "उद्या सकाळी नव्वद मिनिटं काढा, दोन शोची तिकिटं फुकट" असं सुरू होतं. स्ट्रिपवर चालतानाही असे लोक "कुठून आलात?" विचारत पुढे येतात. नव्वद मिनिटांचे दोन-अडीच तास होतात. नवरा-बायको दोघांनी बसायची अट असते. मग साहेब येतो, मग साहेबाचा साहेब येतो, प्रत्येक जण किंमत उतरवतो.

"नको" म्हणा, हसा, पुढे चला. थांबून कारण सांगितलंत की अडकलात. आणि कुणी भरीस पडून सही केलीच, तर नेवाडाच्या कायद्याने सहीनंतर पाचव्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत करार लेखी रद्द करता येतो. कागदांच्या गठ्ठ्यात हे लिहिलेलं असतं, तोंडी कुणी सांगत नाही.

हिशेबनीस

अनुमोदन. तिकिटांची किंमत आपल्या सुट्टीच्या तासांत मोजून बघावी.

आणखी एक वाट: सिग्नेचर आणि व्हीडारातले बरेच स्वीट खासगी मालकांचे आहेत. ते मालक भाड्याने देणाऱ्या साइटवर थेट टाकतात. बऱ्याचदा रिसॉर्ट फी वाचते, पण साफसफाईचे पैसे एकरकमी लागतात. त्यामुळे एका रात्रीला महाग आणि चार रात्रींना स्वस्त पडतं. रद्द करायच्या अटी मात्र कडक.

अनामत रकमेचं विसरू नका. चेक-इनला कार्डावर रात्रीमागे ठरावीक रक्कम अडकवून ठेवतात. क्रेडिट कार्ड द्या. डेबिट कार्ड दिलंत तर तेवढे पैसे खात्यातून अडकतात आणि सुटायला दिवस जातात. बाबांनी "मी भरतो" म्हणून भारतातलं कार्ड पुढे केलं तर प्रेमाने नको म्हणा.

पाटावरचं पाणी

धरणावर कुणीच बोलेना, म्हणून मी. मीही खात्यातलाच, कोयनेला काही वर्षं काढलीत.

निंबोणी, तुम्ही फिनिक्सहून ९३ नंबरच्या रस्त्याने येणार, म्हणजे धरण वाटेतच आहे. परतीच्या दिवसावर टाकू नका, जातानाच बघा, बाबा ताजेतवाने असतील. उंची २२१ मीटर. काम १९३१ मध्ये सुरू झालं आणि त्याच वर्षी नेवाडाने जुगार कायदेशीर केला. पण कामगारांसाठी सरकारने वसवलेल्या बोल्डर सिटीत जुगाराला मनाई होती, आणि ती आजही आहे. मजुरी घेतलेले लोक शनिवारी व्हेगासला जायचे. सात्त्विक संताप यांनी बोल्डर सिटीत मुक्काम करावा, तिथे एकही मशिन नाही.

आतल्या टूरमध्ये लिफ्टने खाली नेतात आणि जनित्रं दाखवतात. धरणातल्या बोगद्यांची मोठी टूर वेगळी, तिला अरुंद जागा आणि पायऱ्या आहेत. आईंनी पहिलीच करावी, बाबांना दुसरीला सोडावं आणि दोन तास विसरावं. वर २०१० मध्ये झालेला पूल आहे, त्यावरून धरण अख्खं दिसतं, पण तिथे चढून जावं लागतं. वाऱ्याचा स्वेटर घ्या.

निंबोणी

काका, बाबांना हा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. ते विचारतायत कोयनेला कोणत्या साली होतात. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

उडाणटप्पू

बाबा "बघून घेऊ" म्हणालेत तर थोडं खेळूही द्या हो त्यांना. वीस डॉलर द्या, ते संपले की खेळ संपला.

मशिनवर बसवा, टेबलावर घाई होते. रूलेट (आकड्यांच्या फिरत्या चाकाचा खेळ) बघायचं असेल तर चाकावरची शून्यं मोजा. एक शून्य असेल तर घराचा, म्हणजे कसिनोचा, वाटा २.७ टक्के, दोन असतील तर ५.२६, आणि स्ट्रिपवर आता तीन शून्यांची चाकं आहेत, तिथे ७.६९. स्वस्त टेबल म्हणून जिथे गर्दी दिसते तिथे बहुधा तीन शून्यंच असतात. ब्लॅकजॅकच्या (पत्त्यांच्या) टेबलावर '६ ला ५' लिहिलेलं दिसलं तर पुढे चला, '३ ला २' हवं, त्यात ब्लॅकजॅक लागला तर जास्त पैसे मिळतात.

बाबांचा पासपोर्ट जवळ ठेवा. आणि देव करो आणि लागो, पण व्हिजिटर व्हिसावर आलेल्या भारतीयाला मशिनवर मोठा जॅकपॉट लागला तर ३० टक्के कर तिथेच कापतात. काही देशांना करारामुळे सूट आहे, त्या यादीत भारत नाही. रूलेट, ब्लॅकजॅकवरच्या जिंकण्याला ही कपात नाही.

एक अस्सल व्हेगासी प्रश्न: चेक-इनला ओळखपत्र आणि कार्डाच्या मधे वीसची नोट ठेवून "काही चांगली खोली आहे का?" विचारायचं, ही युक्ती कुणी केलीय का?

खारीबिस्कीट

जोडप्याने करावी, कारंज्यांच्या बाजूची खोली मिळाली तर मिळाली. पाच जणांनी टू बेडरूम ठरवून घेतलेला असताना 'चांगल्याच्या' नादात भलतीच खोली पदरात पडायची. शिवाय हल्ली बऱ्याच ठिकाणी यंत्रावरच चेक-इन होतं, नोट कुणाला देणार?

निंबोणी

मंडळी, ठरलं. एलाराचा टू बेडरूम स्वीट, नाताळच्या आधीच्या आठवड्यात, रविवार ते बुधवार. व्हीडाराही आवडलं होतं, पण दोन बेडरूमचा दर ऐकून नवरा गप्प झाला. फोन करून दार आहे, पायऱ्या नाहीत, चूल आहे, भांडी मागवावी लागतील, एवढं विचारून घेतलं. फोनवरच्या बाईने शेवटी विचारलं, "सकाळच्या छोट्याशा प्रेझेंटेशनला याल का?" मी कासवछाप यांचं स्मरण करून नाही म्हटलं.

जाताना धरण, मग मुक्काम. फोडणी बाटलीत.

कासवछाप

चेक-इनला परत विचारतील. तयारीत राहा.

रानभूल

धाग्यात घुसतेय, माफ करा. आम्ही दोघंच आहोत, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मोकळे आहोत. सलग हॉलवाला स्वीटही चालेल. नवीन वर्षाची गर्दी ओसरल्यावर दर पडत असतील ना? इथे तर रात्रीला पाचशेच्या वर दिसतायत, साइट बिघडलीय का?

वाळवंटातला कोकणी

साइट ठीक आहे. त्या सुमाराला सीईएस नावाचं प्रदर्शन असतं, जगभरचे इलेक्ट्रॉनिक्सवाले येऊन बसतात. आठ-दहा दिवस पुढे सरका आणि परत बघा.